धूळ समजून पुसलेल्या टिकल्या

उस्मानभाई, तुमचा स्कॅनर आता माझ्या जेवणाच्या टेबलावर आहे. परवा खतीजाभाभी उम्म सलालच्या तुमच्या घरून टॅक्सी करून इकडे फरीज बिन ओमरानला आल्या, ड्रायव्हरकडून तो वर आणवला आणि दारातच म्हणाल्या, "वैनी, ह्यो तुमीच ठेवा. आमच्यात कोनाला चालवता येतो?" बरोबर तुमची काळी हार्ड डिस्क होती, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. चहा घेतला नाही. बसल्या, माझा हात धरून ठेवला आणि उठून गेल्या.

तुम्हाला जाऊन आज अकरावा दिवस. मी आपली माझ्या सवयीने मोजते. तुमच्यात चाळिसाव्याला असतं, हे भाभींनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं, म्हटलं अजून वेळ आहे. अबू हमूरच्या कब्रस्तानात बायका गेल्या नाहीत, त्यामुळे मीही गेले नाही. तुम्ही गेलात हे मी डोळ्यांनी पाहिलेलंच नाही. म्हणून की काय, काल शुक्रवारी दुपार झाली तशी मी पर्स उचलली आणि चपला घालून दारापर्यंत गेले. जुम्म्याची नमाज झाली असेल, तुम्ही लुंगी नेसून खिडकीचे पडदे ओढत असाल, भाभींचं बांगड्याचं सालन तयार असेल. दाराच्या कडीला हात लागला तेव्हा आठवलं. मग तशीच चपला घालून सोफ्यावर बसून राहिले.

जुन्या स्लाइड्स स्कॅन करण्यात गेलेली ती वर्षभराची शुक्रवारची दुपार मला अजून पुरती जागेपणी घडलेली वाटत नाही. बाहेर आखाती ऊन असं की रस्ता पांढरा दिसावा, आणि आत तुमच्या खोलीत पडद्यांमुळे तांबूस अंधार. लॅपटॉपवर प्रतिबिंब पडतं म्हणून तुम्हाला खोलीत उजेड चालायचा नाही. तुम्ही एकेक स्लाइड कडेने धरायचे, रबरी फुग्याने तिच्यावर फूस फूस हवा मारायचे, खाचेत बसवायचे. झाकणाखालून प्रकाशाची रेघ सरकायला लागली की आपण दोघं गप्प. चित्र वरून खाली भरत यायचं. आधी आकाश, मग केस, मग कपाळ, मग डोळे. कोण आहे हे कळेपर्यंत श्वास धरलेला असायचा. कधी यंत्राच्या त्या घरघरीत तुमचा डोळा लागायचा, कधी माझा, आणि जाग आली की समोर विजय उभा असायचा, बत्तीस वर्षांचा, रास लफानच्या प्लांटवरची शिफ्ट करून बसमधून उतरलेला, कव्हरऑलवर वाळू, भुवयांवर वाळू.

स्लाइड्सचे रंग उडाले होते. वाळू गुलाबी झाली होती, समुद्र जांभळा. तुम्ही म्हणायचे, रंग दुरुस्त करता येतो. मी म्हणायचे, राहू द्या. आपलं तरुणपण त्याच रंगाचं होतं अशी माझी हळूहळू खात्रीच पटायला लागली होती. निगेटिव्हच्या पट्ट्या तर आणखी चमत्कारिक. तुम्ही पट्टी दिव्यासमोर धरायचे आणि तिच्यात विजयचे केस पांढरेशुभ्र दिसायचे. प्रत्यक्षात ते पांढरे व्हायला त्याला वेळच मिळाला नाही. म्हातारा विजय मी पाहिला तो तुमच्या हातातल्या त्या पट्टीत.

आमच्या घरचा एकही धड फोटो विजयने काढलेला नाही. त्याच्या हातात कॅमेरा दिला की माणसांची डोकी कापली जायची. आमचा सगळा संसार तुमच्या कॅमेऱ्यातून झाला. तुम्ही प्लांटवर बांधकामाच्या प्रगतीचे फोटो काढायचे, आणि सुटीच्या दिवशी आमचे. मुक्ताचं पहिलं पाऊल, अल खोरच्या किनाऱ्यावरची सहल, दिवाळीचा फराळ, सासूबाई पहिल्यांदा विमानाने आल्या ते. एकदा साहेबाने सांगितलं होतं म्हणे, ती अर्धवट भिंत दिसणार नाही असा फोटो घे. तुम्ही भिंत बरोबर मधोमध धरली. विजय ही गोष्ट पाहुण्यांना नाचून दाखवायचा, आणि तुम्ही ओशाळून म्हणायचे, "फोटोत हात घालायचा नाय. त्या दिवशी जे होता, ते होता." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मुक्ता लहानपणी तुमची नक्कल करायची, तुमच्यासारखी मान हलवून. एरवी त्या पोरीच्या तोंडातून मराठी निघायचं नाही.

आता मी काय केलं ते पुन्हा सांगते. तुम्हाला ठाऊक आहे, पण मी तुमच्यासमोर ते कधी धड कबूल केलं नाही.

मी उरकणारी बाई. विजय म्हणायचा, हिच्या हाती वाळवंट दिलं तर तेही झाडून ठेवील. शाळेच्या ग्रंथालयात माझं एक पुस्तक जागा सोडून राहत नाही. आणि तुम्ही एका दुपारी दहा-बारा स्लाइड्स करणार, त्यातही प्रत्येकीशी गप्पा मारणार. गेल्या हिवाळ्यात छातीत पाणी झालं म्हणून तुम्ही आठवडाभर इस्पितळात होता. मी भाभींना विचारून स्कॅनर आणि आमचे उरलेसुरले सगळे डबे घरी आणले. तुम्ही परत येईपर्यंत काम संपवून तुम्हाला चकित करायचं ठरवलं होतं. डबे उघडले तर स्लाइड्सवर बुरशी. इथला दमट उन्हाळा, त्यात वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या. प्रत्येक चित्रावर ठिपकेच ठिपके. स्कॅनरच्या यादीत धूळ काढायची सोय होती: थोडी, मध्यम, पूर्ण. तुम्ही ती कधी वापरली नव्हती. मी 'पूर्ण' निवडलं आणि सुटीचे दोन दिवस मान वर केली नाही. ठिपके नाहीसे होत होते, चित्रं लख्ख होत होती, आणि मी मनात म्हणत होते, बघा उस्मानभाई, काम असं करतात.

त्या बुरशीचा वास घरभर झाला होता, मला खोकला सुरू झाला होता. काम झालेल्या स्लाइड्स ठेवायच्या कशाला? मी त्या पिशव्यांत बांधल्या आणि खाली कचऱ्यात टाकल्या. सकाळी गाडी येऊन घेऊन गेली. मी गॅलरीत उभी होते, गाडी वळताना पाहिली. मला हलकं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

मग तुम्ही घरी आलात आणि मी डिस्क आणि गाजराचा हलवा घेऊन आले. तुम्ही उशीला टेकून बसला होता, लॅपटॉप मांडीवर. पहिले फोटो बघून मान डोलावली. सासूबाई इथे राहायला आलेल्या असतानाचे ते, तेव्हा मी रुपयाएवढं कुंकू लावायचे. मग तुम्ही एका फोटोवर थांबलात. मागे गेलात, पुढे गेलात, चष्मा पुसलात.

"वैनी, तुमची टिकली कुठं गेली?"

मला प्रश्नच कळला नाही. मग मी वाकून पाहिलं. मोठं कुंकू तेवढं वाचलं होतं. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांतल्या माझ्या बारीक टिकल्या यंत्राने धूळ समजून पुसल्या होत्या. सहलीत, वाढदिवसाला, दिवाळीला, कॉर्निशला समुद्राकाठच्या कठड्यावर बसलेली असताना, सगळीकडे कपाळ नुसतं सपाट, सारवल्यासारखं. मुक्ताच्या हनुवटीवरचा तीळ गेला होता. आकाशातले पक्षीही गेले होते. पण माझी नजर परत परत तिथेच जात होती. नवरा जिवंत, शेजारी हसत बसलेला, त्याचा हात माझ्या खांद्यावर, आणि मी विधवा. एका फोटोत नाही, उभ्या संसारात.

"स्लाइड कुठे हायत?" तुम्ही विचारलंत.

"फेकल्या."

तुम्ही लॅपटॉपचं झाकण हळूच मिटवलंत. "खलास," एवढंच म्हणालात, तेही स्वतःशी.

चूक माझी असली की मी आधी भुंकते, हे तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, "असू दे. आता काय फरक पडतो? नाहीतरी कपाळ तसंच आहे." तुम्हाला माझ्यावर चिडलेलं मी आयुष्यात त्या एकाच दिवशी पाहिलं. "आजचा फोटो हाय का तो? त्या दिवशी विजय होता ना तुमच्या बाजूला?" म्हणालात. पुढे काहीतरी बोलणार होता. मग भिंतीकडे बघत म्हणालात, "जाऊ द्या. आमच्यात हे नसतं. मना नाय कळायचा."

ते वाक्य माझं होतं, उस्मानभाई. तीन वर्षांपूर्वी मी तुमच्या तोंडावर मारलेलं.

विजय गेला, मी त्याला नाशिकला पोचवून, सगळं करून महिन्याभरात परत आले. शाळेची नोकरी होती, मुक्ताचं कॉलेज व्हायचं होतं. टिकली काढ असं मला कोणी म्हटलं नव्हतं. सासूबाई तर म्हणाल्या होत्या, लाव गं, हल्ली सगळ्या लावतात. मीच लावली नाही. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. आरशासमोर उभी राहिले की हातच वर जायचा नाही. आणि पहिल्याच सुटीनंतर तुम्ही दोघं गावाहून आलात, नेहमीसारखी पिशवी घेऊन. कोकम, तांदळाचं पीठ, सुकी कोळंबी, आणि तळाशी टिकल्यांचं पाकीट. दर खेपेला भाभी विचारायच्या, काय आणू, आणि दर खेपेला मी तेच सांगायचे, कारण मला हवी तशी गडद मरून, बारीक, इथे मिळायची नाही. त्या वर्षी त्यांनी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. तरी त्यांनी आणलं होतं. पिशवी तुम्ही माझ्या हातात दिलीत. मी ते पाकीट काढून तुमच्याच हातात परत ठेवलं आणि म्हटलं, "तुमच्यात हे नसतं. तुम्हाला नाही कळायचं." तुम्ही ते शर्टाच्या खिशात ठेवलंत. "बरोबर हाय," म्हणालात. आणि पीठ चाळून घ्या, पोरकिडे झाले असतील, असं काहीतरी सांगत बसलात.

विजयचं शव विमानाने न्यायचे कागद तुम्ही केले होते. कचेऱ्यांतून दोन दिवस, उपाशी. त्याच्या कपाळाला हात लावून तुम्ही रडलात तसं त्याच्या सख्ख्या भावालाही रडताना मी पाहिलं नाही. त्या माणसाला मी सांगितलं होतं की तुम्हाला नाही कळायचं.

स्लाइड्सच्या त्या भांडणानंतर मी चहा न घेता निघाले. नंतर चार महिने आपण भेटत राहिलो, बोलत राहिलो, तुमच्या औषधांवर, मुक्ताच्या नोकरीवर, इथल्या नव्या रस्त्यांवर. फोटोंचं नाव दोघांनीही काढलं नाही. दर खेपेला टॅक्सीत मी मनात वाक्य जुळवायचे: उस्मानभाई, माझं चुकलं. आणि तुमच्या दारात पोचले की भाभी म्हणायच्या, यल्ला, चला, हात धुवा, गरम हाय तवर जेवा. वाक्य पोटात, त्यावर तांदळाची रोटी. मला वाटलं होतं वेळ आहे. माणूस उशीला टेकून बसलेला असला की वेळ आहे असंच वाटतं.

आज शनिवार. सकाळी मी तुमची डिस्क लावली. तिच्यात 'वैनी' नावाचं फोल्डर होतं.

पहिला फोटो उघडला, अल खोरचा किनारा. मी चटईवर बसलेय, विजय आडवा, आणि माझ्या कपाळावर टिकली. बारीक, मरून. मी दुसरा उघडला. तिसरा. मुक्ताच्या वाढदिवसाला पांढऱ्या खड्याची. दिवाळीला चंद्रकोर. कॉर्निशवर काळी, कारण त्या वर्षी मला काळ्याचं खूळ होतं. ते मी स्वतः विसरले होते. मुक्ताचा तीळ परत आला होता. पक्षी तुम्ही सोडून दिले होते. टिकल्या सगळ्या हाताने लावलेल्या होत्या, हे मोठं करून पाहिलं की कळतं. कुठे किंचित डावीकडे, कुठे कड थरथरलेली. तुमचा हात थरथरायचा ना शेवटी, कप बशीवर वाजायचा.

मी भाभींना फोन केला. त्या म्हणाल्या, "रोज दुपारी बसायचे. एक टिकली लावाया अर्धा-अर्धा तास. मना बोलवायचे, ह्या साडीवर कुठली होती सांग. मी आनलेल्या ना त्या, मना सगल्या म्हायत."

इथे मी जेवणाच्या टेबलाशी बसून दुपारभर माझाच संसार पुन्हा पाहिला. खिडकीचे पडदे ओढून घेतले होते. गुलाबी वाळू, जांभळा समुद्र, आणि एकेका वर्षातून दुसऱ्या वर्षात चालत जाणारी मी, कपाळावर तुमचा ठिपका. मध्ये कधीतरी डोळा लागला असावा. विजय शेजारच्या खुर्चीत बसून बघतोय असं वाटलं. काही बोलला नाही. तुमच्या खोलीत बसायचा तसा, पाय लांब करून.

मग शेवटचा फोटो आला.

तो मला चांगला आठवतो. विजयला जाऊन वर्ष होत आलं होतं. तुमच्या फ्रिजमध्ये मासळीच्या मागे स्लाइडचा एक जुना रोल पडून होता. "ह्यो शेवटचा. कोनावर संपवू?" म्हणालात आणि मला अंगणातल्या बोराच्या झाडाखाली उभं केलंत. थंडी होती, मी राखाडी शाल घेतली होती, हातात ताटलीभर बोरं. मी म्हटलं, माझा कशाला, मी कशी दिसतेय बघा. तुम्ही म्हणालात, बोरं चांगली हायत. मला हसू आलं आणि तुम्ही बटण दाबलंत. त्या दिवशी माझ्या कपाळावर टिकली नव्हती. पाकीट मी त्याच्या कितीतरी आधी परत केलं होतं.

या फोटोत टिकली आहे. बारीक, मरून, बरोबर मधोमध. ही एकच थरथरलेली नाही.

आधी वाटलं, चुकलात. औषधांची गुंगी, एवढे फोटो, हात सवयीने गेला असेल. मी परत भाभींना फोन केला आणि बोराच्या झाडाखालच्या फोटोचं विचारलं. "त्या फोटोचा मना नाय विचारला त्यांनी. बाकी सगल्यांचा विचारला."

मग मला राग आला. तुमच्यावर असा राग मला गेल्या अकरा दिवसांत आला नव्हता, आणि खरं सांगते, त्याने बरं वाटलं. उस्मानभाई, त्या दिवशी जे होतं ते होतं ना? साहेबासाठी तुम्ही एक भिंत लपवली नाहीत. मग नसलेली टिकली माझ्या कपाळावर कुठून आली? मी पुसायचं साधन उघडलं. फोटो मोठा केला, पडदाभर माझं कपाळ. बाण त्या ठिपक्यावर नेला. एकदा दाबलं की जाणार होता.

मी वाट पाहत राहिले. तुम्ही नेहमीसारखं वाद घालाल, मान हलवाल, चष्मा पुसाल. तुम्ही चुकलात की मुद्दाम लावलीत, हे मला आता कधीच कळणार नाही. तुम्हाला विचारायची एवढी एकच गोष्ट होती, आणि सांगायची एक. सांगायची ती सांगते. माझं चुकलं. स्लाइड्स फेकल्या ते चुकलं, आणि पाकीट परत देताना जे बोलले ते त्याहून चुकलं. तुम्हाला कळत होतं. मला सांगता येत नव्हतं तेव्हाही तुम्हाला कळत होतं.

बाण बाजूला घेतला. तो फोटो आहे तसा मुक्ताला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "आई, सो प्रिटी! बाबा कुठेत? आउट ऑफ फ्रेम?"

मी लिहिलं, बाबा तेव्हा नव्हते. बाबा गेल्यानंतरचा आहे हा फोटो.